कडी नव्हती, नुसतं दार ओढलं होतं

जुईला शाळेतून काढा, असं आम्हाला कोणीही कधीही म्हटलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मागाहून शाळेने सगळीकडे तेच सांगितलं आणि शब्द मोजले तर ते खरंही आहे. आम्हाला जे ऐकवलं गेलं ते असं होतं: "तिच्यासाठी काय योग्य ते तुम्हीच ठरवा." "आमचं काय, आम्ही सांभाळतोच आहोत." "तिचंच भलं बघा." हे सगळं हसून, चहा पुढे करून. वर्षभर मी तो चहा प्यायले.

गेल्या महिन्यात एक तरुण आई माझ्याकडे आली. तिचा मुलगा पहिलीत आहे, जुईसारखाच. बसल्याबसल्या तिने विचारलं, "काकू, शाळा बदलू का?" मी तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आमचं काय झालं ते सांगितलं. सांगताना आवाज चढला, तिच्या चहावर साय धरली. ती गेल्यावर वाटलं, हे लिहूनच ठेवावं. निदान लिहिताना कोणाचा चहा गार होणार नाही.

मुंबईहून परत

जुई आमची एकुलती एक. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, माझे यजमान सुधाकर सातपूरच्या एका कंपनीत मशीनवर. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही गंगापूर रोडच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि जुई त्याच घरात चालायला लागली. चालली वेळेवर, दातही वेळेवर आले. बोलणं तेवढं आलं आणि परत गेलं. "आई" म्हणायची, ते थांबलं. हाक मारली तर वळायची नाही, पण शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात कानांवर.

मग सल्ले सुरू झाले. मुली उशिरा बोलतात. बाप कमी बोलतो, म्हणून मुलगी बोलत नाही. माझ्या एका चुलतसासूबाई तर म्हणाल्या, "आई दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडते, पोरीशी बोलायला वेळ कुठाय तिला?" नाशिकमधल्या एका डॉक्टरांनी जुईकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मतिमंद आहे. दुसरं मूल होऊ द्या." दुसरं मूल होऊ द्या! जसं काही पहिलं रद्द करायचं होतं.

मग आम्ही तिला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. जुईबरोबर जमिनीवर बसल्या, तिच्यासारखंच फरशीवर बोट फिरवत राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने आम्हाला म्हणाल्या, "ऑटिझम आहे." आम्ही दोघांनी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. सुधाकरांनी विचारलं, "मराठीत काय म्हणतात?"

"स्वमग्नता म्हणतात."

त्या शब्दावर माझा तेव्हाही राग होता आणि आजही आहे. माझी मुलगी स्वतःत मग्न नव्हती. ती पंख्यात मग्न होती, नळाच्या धारेत होती, जिन्यावर पडलेल्या उन्हात होती. सगळ्या जगात मग्न होती. फक्त त्या जगाच्या मधोमध आम्ही नव्हतो, म्हणून आम्ही तिला तसं नाव दिलं.

परतीच्या गाडीत जुई शहापूरपासून रडत होती. पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, "पोर सांभाळता येत नाही तर प्रवास कशाला करता?" मी काही बोलायच्या आत त्यांच्या शेजारची बाई उठली, आपली खिडकीची जागा जुईला दिली आणि स्वतः मांडीवर पिशवी घेऊन मधल्या सीटवर बसली. कसारा घाटात वारा लागला तशी जुई शांत झाली. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. त्या दिवशी आमच्या वाट्याला चांगलं म्हणण्यासारखं तेवढंच आलं, आणि ते पुरलं.

पाट्या

सासर दिंडोरीजवळ, द्राक्षांच्या मळ्यात. सुट्टीच्या दिवशी आम्ही सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मुख्य स्टँडवरून, गाडी पकडायचो. जुईला स्टँड फार आवडायचा. एवढ्या गोंगाटात ती कान झाकायची नाही, आणि मला त्याचं नवल वाटायचं. पाच वर्षांची असताना एका रविवारी ती घरात एकदम नाकातल्या आवाजात बोलली, "दिंडोरी, वणीमार्गे कळवणला जाणारी गाडी फलाट क्रमांक..." अख्खी घोषणा, शेवटच्या शब्दापर्यंत. पाणी हवं असेल तर ती माझा हात धरून माठापाशी न्यायची, पण कळवणची गाडी तिने उद्घोषकाच्या सुरात सांगितली. मुंबईच्या बाईंनी हे सांगून ठेवलं होतं. ऐकलेलं वाक्य ती जसंच्या तसं साठवते आणि केव्हाही बाहेर काढते.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढे कळली. एकदा कंडक्टर "दिंडोरी, दिंडोरी" ओरडत होता, आम्ही चढत होतो, आणि जुई काही केल्या पाय उचलेना. "पेठ," ती म्हणाली. "पेठ. पेठ." मी खेचत होते, लोक ढकलत होते. सुधाकर खाली उतरून पुढे गेले, तर पाटी खरंच पेठची होती. बदलायची राहिली होती. माझी मुलगी वाचत होती. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून आम्ही तिला साध्या शाळेत घातलं. घराजवळची मराठी माध्यमाची शाळा, नाव चांगलं, मैदान मोठं. पहिली-दुसरीला जोगळेकरबाई होत्या. त्यांनी जुईला दाराजवळची जागा दिली. घंटा व्हायच्या आधी त्या तिला नुसतं म्हणायच्या, "जुई, घंटा," आणि ती कान झाकून तयार राहायची. दुसरीच्या अखेरीला ती वाचायची, बेरजा-वजाबाक्या करायची, आणि प्रार्थनेला सगळ्यांबरोबर उभी राहायची. हे मी मुद्दाम लिहिते. ती साध्या शाळेत बसू शकत नाही असं पुढे जे सुचवलं गेलं, ते खोटं होतं. दोन वर्षं ती बसली होती. तिला "घंटा" एवढंच सांगावं लागत होतं.

तिसरी

जोगळेकरबाई निवृत्त झाल्या. तिसरीला देवरेबाई आल्या. मुख्याध्यापिकाही नव्या. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. बाकावर तीन-तीन मुलं होती, देवरेबाईंना आवाज ताणावा लागायचा आणि जुई तो ताणलेला आवाज जसाच्या तसा परत द्यायची. बाई म्हणाल्या, "गप्प बसा," की जुई त्याच सुरात म्हणे, "गप्प बसा." वर्ग हसायचा. बाईंना वाटलं, ही नक्कल करते. मी दोनदा जाऊन समजावलं. "हो का?" त्या म्हणाल्या. नंतर जुईला व्हरांड्यात बसवायला लागल्या.

पालकसभेत एक बाई उभ्या राहिल्या. "आमची मुलगी घरी हात हलवायला लागलीय तिच्यासारखे. हे असं लागतं का हो?" मी म्हटलं, "जुई तिसरीची पुस्तकं वाचते, ते लागलं का तुमच्या मुलीला?" घरी येताना सुधाकर म्हणाले, "असं बोलायला नको होतं." मला वाटतं, हवंच होतं.

द्राक्षांच्या खुड्याचे, तोडणीचे दिवस होते, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. शाळेची तपासणी झाली त्या दिवशी जुईचा डबा भरलेला परत आला. संध्याकाळी मी तिची वेणी घालत होते. ती आरशाकडे न बघता बोलायला लागली. आवाज हुबेहूब देवरेबाईंचा.

"साहेब जाईपर्यंत आवाज नाही. आवाज आला तर डबा नाही. दार लाव गं पल्लवी."

मग एक बारीक आवाज, कुठल्या तरी लहान मुलीचा. "बाई, ती रडतेय."

पुन्हा देवरेबाई. "रडू दे."

मी वेणी घालत राहिले. हात थांबवला असता तर ती थांबली असती. तिने ते सगळं पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा, सपाट चेहऱ्याने, कळवणची गाडी सांगावी तसं. सुधाकर दारात येऊन उभे होते. अंगात कंपनीचा निळा गणवेश, हातात चपला. त्या खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या खोलीत होते. देवरेबाईंनाही बोलावलं होतं.

"तपासणी होती," मोठ्या बाई म्हणाल्या. "गडबड नको म्हणून थोडा वेळ खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवलं. पंखा आहे तिथे."

"बाहेरून कडी लावली होती?"

"छे! काहीतरीच काय? कडी नव्हती, नुसतं दार ओढलं होतं."

"तिला ते उघडता आलं असतं?"

"तिला काय, तेवढं कळत नाही ना."

"कळत नाही, तर तिने मला शब्दन् शब्द कसा सांगितला? पल्लवीचं नाव कसं सांगितलं?"

मोठ्या बाईंनी देवरेबाईंकडे बघितलं. देवरेबाई खिडकीकडे बघत होत्या. "अशी मुलं काहीही बोलतात, मॅडम," मोठ्या बाई म्हणाल्या. आणि मग तेच, हसून: "तिच्यासाठी काय योग्य ते तुम्हीच ठरवा."

मी ती खोली बघायला मागितली. लेझीमच्या जुड्या, हवा गेलेले फुटबॉल, मैदान आखायच्या फक्कीचं पोतं. पंखा होता. त्याचं बटण बाहेर, व्हरांड्यात होतं.

घरातलं भांडण

सुधाकरांचं मत लगेच ठरलं. "उद्यापासून पाठवू नकोस."

"का? तिने काय केलं? तिनेच का जायचं?"

"तिथे रोज ती बसते, सुनंदा. तू नाही बसत."

मी जास्तच मोठ्याने बोलले. म्हटलं, ती उठली की तिच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी त्या खोलीत बसवतील. आज आपण मुकाट्याने गेलो तर उद्या ते सांगतील, बघा, त्यांनाच नको होतं. ते म्हणाले, "तुझी लढाई आहे की तिची शाळा?" मी म्हटलं, "ती शाळेत असणं हीच लढाई आहे." आम्ही कितीतरी दिवस असे बोलत होतो किंवा बोलत नव्हतो. ते ताटावर बसायचे आणि भाजीत मीठ आहे की नाही हेही सांगायचे नाहीत.

आजारपण म्हटलं की लोक औषधांचं विचारतात. आमच्या घराला जे झालं होतं त्याला औषध नव्हतं. मला संताप येई तो याचाच. आम्ही दोघंही बरोबर होतो, दोघंही एकाच मुलीसाठी रडत होतो, आणि भांडत होतो ते एकमेकांशी. ज्यांनी दार ओढलं त्यांच्या घरी बहुतेक शांत जेवणं होत असतील.

सासूबाई खुडा सोडून आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि जुईला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "पोरीला काय कमी हाय का? मळा हाय, माणसं हाय. कोणाला तरास नाय तिचा. लय झालं हे शाळा-बिळा. मी नेते तिला."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोलले. "आई, तुमच्या मोठ्या नातवाला पाचवीपर्यंत धड वाचता येत नव्हतं. त्याला कोणी म्हटलं का, शाळा कशाला, मळ्यात चल? मग हिलाच का?"

जुईच्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "तसं नव्हतं म्हणायचं मला, बाई." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जुईबरोबर शाळेत गेल्या आणि पायरीवर बसल्या. शिपाई म्हणाला, आजी, इथे बसता येत नाही. "नात आत हाय," त्या म्हणाल्या. "ती भाईर येईपर्यंत मी हितंच." शाळा सुटेपर्यंत हलल्या नाहीत. आठवडाभर हेच. त्या आठवड्यात जुईला व्हरांड्यात कोणी बसवलं नाही. मग खुड्याला माणसं कमी पडायला लागली आणि त्यांना जावं लागलं.

शीलाताई

विशेष मुलांची एक शाळा होती, एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर. चालवणाऱ्या शीलाताई. मी मनात ठरवूनच गेले होते की ती जागा मला आवडणार नाही. शीलाताईंनी मला आत बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही शाळा बघायला आलात की भांडायला?"

"दोन्ही," मी म्हटलं. त्या हसल्या.

त्यांनी जुईला फळ्यासमोर नेलं. फळ्यावर जे होतं ते जुईने वाचलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरातलं. शीलाताई खुर्चीत मागे रेलल्या. त्यांचा चेहरा आनंदी नव्हता.

"मी हिला घेईन," त्या म्हणाल्या. "माझं दार बंद नाही. पण माझ्याकडे चौथीची पुस्तकं नाहीत. मी तिला रस्ता ओलांडायला शिकवीन, वेणी घालायला शिकवीन, दुकानातून वस्तू आणायला शिकवीन. ते तिला लागेलच. पण भूगोल कोण शिकवणार? माझ्याकडची निम्मी मुलं त्यांच्या दुखण्यामुळे इथे नाहीत आली. त्यांच्या बाई थकल्या, म्हणून आली. मला रोज राग येतो आणि रोज मी त्यांना घेते. दुसरं काय करू?"

माझ्यासारखाच राग असलेलं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. त्यांनीच पंचवटीतल्या महापालिकेच्या एका शाळेचं नाव काढलं. शिकवणारा माणूस सरळ आहे, म्हणाल्या, आणि सगळे इंग्रजी माध्यमाकडे पळाल्यामुळे वर्गात मुलं थोडी आहेत.

मी ते ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. अजून मला त्याच शाळेकडून, त्याच खोलीत, माफी हवी होती. मग एका रविवारी आम्ही सीबीएसवर उभे होतो. गाड्या लागत होत्या आणि जुई पाट्यांकडे पाठ करून उभी होती. मी म्हटलं, "जुई, ती कुठली गाडी?" तिने मान खाली घातली आणि कान झाकले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेले काही आठवडे घरात ती घोषणा ऐकू आली नव्हती. कुठलीच घोषणा नव्हती. देवरेबाईसुद्धा नाहीत. ती पुन्हा मुकी होत चालली होती.

गाडीत मी सुधाकरांना म्हटलं, "काढू तिला." त्यांनी माझा हात धरला. त्यांनाही बरं वाटलेलं दिसत नव्हतं.

अहिरेसर

माहेरी कळवलं तर माझा भाऊ म्हणाला, "महापालिकेच्या शाळेत? ताई, तिथे कोणाची मुलं येतात माहितीय का?"

"माणसांची," मी म्हटलं.

अहिरेसर सटाण्याकडचे. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोलणं तुटक. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "मला यातलं काही येत नाही. मी कधी पाहिलं नाही असं मूल. तुम्ही सांगाल तसं करून बघू. तुम्हाला वर्गात बसायचं तर बसा, दिवाळीपर्यंत. पुढे नाही. वर्गात पालक मला आवडत नाहीत. आणि माझं चुकलं तर सांगा, पण मुलांसमोर नको."

कोणी मला चहा विचारला नाही. मला फार बरं वाटलं.

जुन्या शाळेत दाखला मागायला गेलो, तर संस्थेचे चिटणीस मुद्दाम आले होते. मी वर, शिक्षण खात्याकडे, तक्रार केली होती, ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते म्हणाले, "कशाला धावपळ करता? नाव आमच्या पटावर राहू द्या. मुलीला घरी शिकवा. हजेरी आम्ही बघू, दरवर्षी वर चढवू. दहावीपर्यंत कोणी विचारणार नाही."

ज्या माणसाला तिला कधीपासूनच काढायचं होतं, तो माझा नवरा उठून उभा राहिला. "म्हणजे ती शाळेत आहे असं तुम्ही सांगणार, आणि ती नसणार?"

"तुमच्याच सोयीसाठी."

"आम्ही तिला नेतोय. पण सोय तुमची होतेय. एवढं एकदा म्हणा, आमच्यासमोर."

चिटणिसांनी दाखल्याचं पुस्तक मोठ्या बाईंकडे सरकवलं. दाखल्यावर कारण घालताना मोठ्या बाई म्हणाल्या, "पालकांची इच्छा असं घालते." मी म्हटलं, माझी इच्छा ती इथे शिकावी अशी होती. त्यांनी तरी तेच घातलं. आणि जिथे दाद मागितली होती, तिथे मला सांगण्यात आलं, "मुलगी आता त्या शाळेत नाही ना, मग तक्रार कशाची?" देवरेबाईंना दुसरा वर्ग मिळाला. एवढाच न्याय झाला.

पंचवटी

नव्या शाळेत सगळं छान झालं असं वाचायची अपेक्षा असेल, तर तसं नाही. पहिल्या दिवशी जुई फरशीवर आडवी पडून ओरडली. सर तेराचा पाढा म्हणत होते. त्यांनी आवाज चढवून पाढा पुरा केला, मुलांनीही म्हटला, आणि मग ते माझ्याकडे वळले. "आता काय करायचं?" मी म्हटलं, "काही नाही, थोडं थांबायचं." थांबले. मी मागच्या बाकावर पावसाळाभर बसले. नोकरीतून बिनपगारी रजा घेतली. एकदा वर्ग सुटल्यावर सर म्हणाले, "मॅडम, मी तिला विचारतो आणि उत्तर तुम्ही देता." दिवाळीच्या आधीच त्यांनी मला घरी पाठवलं.

त्यानंतर एक दिवस ती फाटकातून बाहेर पडली. सर शोधत गेले, तर ती निमाणीच्या स्टँडवर गाड्यांसमोर उभी. पाट्या वाचत होती, मोठ्याने. सरांनी मला बोलावणं पाठवलं. मी शाळेत पोचले तेव्हा ते फाटकातच उभे होते. "गाडीखाली आली असती तर? माझी नोकरी राहिली असती का?" ते माझ्यावर ओरडले. मी ऐकून घेतलं. मी त्या वाक्याची वाट बघत होते. तिचंच भलं बघा. ते आलं नाही. सर खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्यापासून फाटक लावून घेऊ. सगळ्यांसाठीच."

तिथे ती सातवी झाली. पुढे हायस्कूलमध्ये पुन्हा नव्याने तेच समजावणं, तेच हसणं, पुन्हा दोन-तीन चहा. या वेळी मी चहा घेतला नाही. दहावी दुसऱ्या खेपेला सुटली. भूगोलात तिला सगळ्यांत जास्त गुण होते. आता ती टायपिंगच्या क्लासला जाते. फटाके वाजले की अजून पलंगाखाली जाते. अजून रस्त्यात लोक वळून बघतात. पण आता ती स्वतःची वाक्यं बोलते, छोटी छोटी, ज्यांत दुसऱ्या कोणाचा आवाज नसतो.

भाजीबाजारात

परवा गंगापूर रोडला भाजी घेत होतो, जुई आणि मी. समोर मोठ्या बाई. निवृत्त झाल्यात, केस पांढरे, पण हसणं तेच. जुईकडे नखशिखान्त बघून म्हणाल्या, "अगंबाई, केवढी झाली! छान दिसतेय हो. बघा, तेव्हा तुम्हाला राग आला होता. पण शाळा बदलली ते बरंच झालं की नाही शेवटी?"

त्या तरुण आईला मी जे सांगू शकले नव्हते, ते मला त्या भाजीच्या गाडीपाशी सापडलं.

"बाई, शाळा बदलली ते चांगलंच झालं," मी म्हटलं. "बदलावी लागली, ते वाईट झालं. चांगलं झालं ते तिच्या आजीने केलं, अहिरेसरांनी केलं, आम्ही केलं. त्यातलं तुम्ही काही केलेलं नाही."

"अजून राग आहे तुमच्या मनात."

"हो."

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. बहुधा मी पुढे काही मऊ बोलेन असं त्यांना वाटत असावं. मी पाकीट उघडून सुटे पैसे मोजायला लागले. तेवढ्यात माझ्या शेजारी जुईने भाजीवाल्याने पिशवीत टाकलेली मेथीची जुडी बाहेर काढली, उलटीपालटी केली आणि त्याच्यासमोर धरली.

"ही किडकी आहे," ती म्हणाली. "मला चांगली द्या."

भाजीवाल्याने जुडी मुकाट्याने परत घेतली, आणि खालच्या टोपलीतून दुसरी काढून दिली.